किंदळाखालचं पान

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. विश्वास ठेवा, न ठेवा. आधी एवढं सांगून टाकतो, मग मन मोकळं करतो.

भुताखेताची गोष्ट म्हटली की रात्र आलीच. सामसूम रस्ता, घुबड, विझलेला कंदील.

ही गोष्ट भरदुपारची आहे.

या वर्षीची पौष अमावास्या. रविवार, जानेवारीची अठरा तारीख. वेळ बाराची. जागा जोयडा तालुक्यातली, गणेशगुडीहून गुंदकडे जाणाऱ्या रस्त्याला, काळी नदीच्या अंगाला. ऊन लख्ख होतं. भोवती चार-पाचशे माणसं होती. डीजे चालू होता.

आणि तरीही...

जिच्यावर हे गुदरलं ती माझी सख्खी मावशी. पुतळी तिचं नाव, गुंदची. वय पंचावन्नच्या आसपास. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. घरी बाळंतपणाला आलेली मुलगी तारा, आणि ताराची सहा महिन्यांची रक्षा. मावशी खोटं बोलत नाही. तिला नाद दोनच. रांधण्याचा आणि कीर्तनाचा. रामनगरला नाहीतर खानापूरला बुवा उभे राहणार असं कळलं, की पिशवीत भाकरी बांधून ही निघालीच. मी तिच्याच मांडीवर झोपत झोपत कीर्तन ऐकायला शिकलो. टाळाचा पहिला ठोका पडला की अजून मला तिच्या लुगड्याचा वास येतो. धूर आणि खोबरेल.

अशी ही बाई मौजपेठेत स्वैपाकाला होती.

मौजपेठ म्हणजे काय, ते सांगायला हवं. शहरात जशी एखादी गल्ली असते ना, खाणं, पिणं, नाचणं सगळं एका ठिकाणी, दिव्यांचा नुसता झगमगाट... तशी गल्ली उचलून रानात आणून ठेवली. ठेवणारा रामनगरचा लक्ष्मणशेठ. माणूस वाईट नाही. पण पिकनिकची माणसं दिसली की त्याला दुसरं काही दिसत नाही.

तोंडाशीच मोठा फलक लावलेला. ‘मौजपेठेत करण्यासारख्या बारा गोष्टी.’ नदीत राफ्टिंग. दोरीला लटकून या झाडावरून त्या झाडावर जाणं. प्लास्टिकच्या फुग्यात बसून उतारावरून गडगडत येणं. फवाऱ्याखाली डीजेवर नाचणं. बंदुकीनं फुगे फोडणं.

आणि सात नंबरला महाथाळी.

परातीएवढं ताट, चाळीस पदार्थ, अर्ध्या तासात चाटूनपुसून संपवायचं. संपवेल त्याचा फोटो भिंतीवर.

मी ते एकदाच पाहिलं. दोन्ही हातांनी कोंबत असतात. हनुवटीवरून रस्सा गळतोय, डोळे बाहेर आलेत, भोवती मित्र ओरडतायत. मधेच एखादा उठतो. मागच्या गटारावर जातो, घशात बोटं घालून मोकळा होतो, आणि तोंड पुसत परत येऊन बसतो. पुन्हा कोंबायला.

अन्नाला पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. आणि हे असं.

उरलेलं खरकटं निळ्या पिंपांत ओतायचे. दोन दिवसांत उन्हानं त्याला फेस यायचा. झाकण उचललं की आंबूस वासानं डोळ्यांत पाणी यायचं, आणि वर धरलेल्या सायीत अळ्या लोळताना दिसायच्या.

ती पिंपं ठेवायला लक्ष्मणशेठला एकच सावली सापडली. किंदळाच्या झाडाची.

या किंदळाखाली एक धोंडा आहे. नाक-डोळे नसलेला. तो राखणदाराचा. राखणदार म्हणजे देव नव्हे, आणि भूतही नव्हे. त्या जागेचा जो कोणी आहे, तो. दर अमावास्येला भरदुपारी त्याला वाडी द्यायची, म्हणजे जेवणाचं पान ठेवायचं. हा मान मावशीच्या सासरचा. तिची सासू ठेवायची, तिच्यामागं मावशी. नव्या मडक्यात भात, वर गुळाचा खडा, ओल्या खोबऱ्याची कातळी, केळीचं पान. भातात मीठ घालायचं नाही. पान ठेवायचं, हात जोडायचे, मागं न बघता यायचं.

आणि सगळ्यात मोठा नेम एकच. तो भात चाखायचा नाही.

चाखलं की ते उष्टं. आणि उष्टं आपण देतो कुणाला? लेकराला. फार तर नवऱ्याला. ज्याच्याशी एका ताटाचं नातं आहे, त्यालाच.

मावशीनं घरी रांधताना जन्मात कधी काही चाखलं नव्हतं. वाफेच्या वासावरून ती मीठ ओळखायची. पण मौजपेठेत एकदा सांबार खारट झालं, कुणीतरी त्याचा व्हिडिओ फिरवला, आणि लक्ष्मणशेठनं तिला समोर उभं केलं.

“अक्का, तुमचा देव घरी,” तो म्हणाला. “हितं गिऱ्हाईक देव. चाखल्याबिगर एक वाटी भायेर जायाची न्हाई.”

मग ती चाखायला लागली. पळीतला थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेला टेकवायचा. आधी आधी किळस यायची, ती दर वेळी चूळ भरायची. मग चूळ सुटली. मग आपण चाखतोय हेच तिला कळेनासं झालं. दोन वर्षं, रोज चाळीस पदार्थ. हाताला एकदा सवय लागली की हात कुणाला विचारत नाही.

त्या रविवारी हुबळीचे दोन मोठे गट एकदम आले. महाथाळीला सहा जण बसले. भांडी घासायला कविता म्हणून रामनगरची एक बाई होती, तिचं तोंड कधी बंद नसायचं. ती म्हणाली, “मावशी, एवढ्या गडबडीत तुमचा राखणदार कशाला? त्येलाबी बसवा की सातव्या पाटावर.” मावशीनं डोळे वटारले. पण हसलीसुद्धा.

कोपऱ्यातल्या चुलीवर वाडीचा भात रटरटत होता.

मावशीनं डाळ चाखली. रस्सा चाखला. खीर चाखली. कोशिंबीर चाखली. आणि त्याच ओघात पुढच्या मडक्यातली दोन शितं बोटानं उचलली, जिभेवर ठेवली.

“मीठ न्हाई,” ती म्हणाली.

आणि चिमूटभर मीठ टाकलंसुद्धा.

मग तिचा हात तसाच हवेत राहिला.

हे कवितानं मला स्वतः सांगितलंय. मावशीचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला होता म्हणे. दुसरा भात टाकायला हवा होता. नवं मडकं नव्हतं. ऊन डोक्यावर आलेलं. बाहेरून लक्ष्मणशेठ हाका मारतोय. आणि तेवढ्यात तिला कीर्तनातली भिल्लीण आठवली, चाखून चाखून देवाला बोरं देणारी. बुवा तो प्रसंग लावतात तेव्हा मंडपात हुंदके फुटतात. देवानं उष्टी बोरं गोड मानून घेतली, तर राखणदार दोन शितं मानून घेणार नाही का? अशी तिनं मनाची समजूत घातली.

एवढंच विसरली, की बोरं खाणारा देव होता.

तिनं तो भात पानावर वाढला आणि ती किंदळाकडं गेली.

पिंपांच्या मधून वाट होती. माश्या तोंडावर बसत होत्या. धोंड्यापुढं तिनं पान ठेवलं, हात जोडले...

आणि डीजे थांबला.

तिला वाटलं, करंट गेला. पण माणसांचा आवाजही नव्हता. नदीचाही नव्हता. पिंपांवर घोंघावणाऱ्या माश्या तिला दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

कावळा आला नाही. दर अमावास्येला पान टेकायच्या आधी फांदीवर चार कावळे हजर असायचे.

त्या दिवशी फांदी रिकामी.

ती वळली. चार पावलं चालली. आणि पाठीमागं...

चप्.

चप्... चप्...

दात नसलेलं म्हातारं माणूस मऊ भात चघळतं ना, तसं. सावकाश. चवीनं.

मावशीनं मागं पाहिलं नाही. पिंपं ओलांडली, तसा डीजेचा आवाज एकदम कानावर आदळला. सगळे नाचतच होते. काहीच थांबलं नव्हतं.

स्वैपाकघरात येऊन तिनं भाजीची फोड चाखायला तोंडात टाकली. बटाट्याची. पळीत तिनं ती धडधडीत पाहिली होती, कोरडी, चौकोनी.

तोंडात गेली तेव्हा ती फोड नव्हती...

तो चोथा होता. आधीच चावलेला. कोमट. कुणाच्या तरी लाळेनं बुळबुळीत झालेला. त्याला तंबाखूचा वास होता आणि त्याखाली कुजक्या सुकटाचा. त्यात एक दाताएवढी खडी होती, ती तिच्या जिभेखाली सरकली.

तिनं तळहातावर थुंकलं. थुंकलेलं खरंच चावलेलं होतं. तिनं तर दात लावलेच नव्हते.

तिनं चूळ भरायला पाणी घेतलं. तांब्यातलं गार पाणी तोंडात जाताच कोमट आणि जाड झालं... कुणीतरी आधी चूळ भरून ठेवल्यासारखं. त्याला लाळेची तार सुटत होती. ओकारी आली तिला. कविता पाठ चोळायला धावली आणि मोरीत पडलेलं बघून ती मागं सरली. “मावशी, हे काय खाल्लं तुम्ही?” एवढंच ती म्हणाली. मावशी सकाळपासून उपाशी होती.

त्याच वेळी बाहेर गलका झाला.

महाथाळीला बसलेल्यांपैकी एक दांडगा गडी थांबला होता. जिभेवरून काहीतरी काढून तो बोटांत धरून बघत होता. मग दुसरा थांबला. तिसऱ्यानं तोंडातला घास ताटात टाकला आणि शेजाऱ्याला विचारलं, तुझाही असाच आहे का.

घास त्यांनी स्वतः मोडले होते. पुरी कुरकुरीत होती, भात मोकळा होता. तोंडात गेला की मात्र चोथा. दुसऱ्या कुणाचा तरी.

सहाही जण जागेवर ओकले. ताटांत, मांडीवर, एकमेकांच्या अंगावर. ओकलेलं वाहत फवाऱ्याच्या पाण्यात गेलं, आणि तिथली माणसं नाचता नाचता पाय झटकायला लागली. लक्ष्मणशेठनं अन्न शिळं म्हणून आचाऱ्यांना शिव्या घातल्या, चाळीसही पातेली पिंपांत ओतायला लावली, आणि डीजे मोठा करायला सांगितला.

मावशी त्या दिवशी चालत घरी आली. वाटेत तिच्या डाव्या कानाशी काहीतरी होतं...

चप्... चप्...

या वेळी तोंड रिकामं असावं. नुसती जीभ टाळ्याला लागून सुटत होती.

तीन दिवस मावशी जेवली नाही. म्हणजे बसायची जेवायला. ताराच्या हातची भाकरी, घरचं ताक, अंगणातलं केळं. तारानं केळं तिच्या डोळ्यांदेखत सोलून दिलं. पांढरंशुभ्र केळं. तोंडात गेलं आणि कुणाच्या तरी गालात रात्रभर राहून बाहेर आल्यासारखं झालं. ती परसात जाऊन ओकायची, राखेनं झाकायची. ताराला सांगितलं, पित्त झालंय. खरं सांगायची लाज वाटत होती. आपण काय केलंय ते तिला ठाऊक होतं.

सोसलं असतं तिनं. मावशीसारखी बाई उपाशीपोटी मरेल, पण बोलणार नाही.

पण शुक्रवारी, वसंतपंचमीला, रक्षाचं उष्टावण होतं. लेकराच्या तोंडात पहिला घास जायचा दिवस. सहा महिने आईच्या दुधाशिवाय त्या जिभेला काहीच ठाऊक नसतं. तो पहिला घास स्वच्छ हवा. घरच्या माणसाचा हवा. ताराच्या सासरी म्हातारं कुणी नव्हतं, म्हणून तारानं महिनाभर आधीच आईला सांगून ठेवलं होतं, पहिला घास तूच भरवायचा. मावशीनं त्यासाठी चांदीचा इवलासा चमचा घडवून आणला होता.

बुधवारी दुपारी मावशी गोधडी शिवत बसली होती. शेजारी रक्षा पालथी पडून हातपाय मारत होती. तारा ओसरीवरून हसून म्हणाली, “आई, बघ गो. आतापासनंच चघळाय लागलीया.”

मावशीनं पाहिलं.

रक्षाचं तोंड हलत होतं...

सावकाश. चवीनं. डोळे मावशीच्या डाव्या खांद्यामागं कुणावर तरी लागलेले. आणि ती हसत होती.

मावशीनं तिला उचललं आणि तोंडात बोट घातलं. मऊ हिरड्या, इवलीशी जीभ. आणि टाळ्याला चिकटलेलं काहीतरी. तिनं ते ओढून काढलं.

चावलेला भात होता. नखाएवढा. तंबाखूचा वास.

तारा बघत होती. मावशीनं मूठ मिटली आणि म्हणाली, गोधडीचा दोरा गेला होता तोंडात.

मग ती उठली आणि तशीच महाबळेश्वराकडं गेली. आमच्याकडं कुणब्यांत गावच्या म्होरक्याला बुधवंत म्हणतात. महाबळेश्वर गुंदचा बुधवंत. ऐंशीच्या घरातला, कानानं थोडा कमी. मावशीनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. दोन शितं, मीठ, भिल्लीण, सगळं. तो सुपारी कातरत होता. भिल्लिणीचं नाव निघालं तसा त्याचा अडकित्ता थांबला.

“तू त्येला एका ताटाचं केलंस,” तो म्हणाला.

“चुकलं माझं, मामा.”

“चुकलं म्हून सुटत न्हाई. तू त्येला उष्टं दिलंस, त्येनं खाल्लं. आता त्यो तुला देतोय, आन् तू थुकतीस. तू घेत न्हाईस म्हून त्यो लेकराला द्यायाला लागला. घरचंच न्हवं ते.”

मावशीनं विचारलं, मग करायचं काय.

म्हाताऱ्यानं कातरलेली सुपारी तळहातावर गोळा केली. मग सांगितलं, की आपण होऊन जायचं आणि त्याच्या पानावरचं खायचं. सगळं. पानावर शीत ठेवायचं नाही. पोटातनं परत येऊ द्यायचं नाही. मग तो लेकराकडं जाणार नाही.

“आन् मी सुटंन का?”

त्यानं सुपारी तोंडात टाकली. “लेकरू सुटंल,” तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी मावशीनं डोक्यावरून पाणी घेतलं, धुतलेलं लुगडं नेसली आणि भरदुपारी मौजपेठेत गेली. आडवार होता, गर्दी नव्हती. फलकाखाली कुत्रं झोपलं होतं. पिंपं रविवारपासून उचलली नव्हती. चाळीस पातेल्यांचं अन्न काठोकाठ भरून बाहेर आलं होतं. त्याचा ओघळ धोंड्यापर्यंत गेला होता, आणि ओघळात पांढरं काहीतरी वळवळत होतं. ती त्यातून अनवाणी चालत गेली.

केळीचं पान तिथंच होतं.

चार दिवसांचं पान. उन्हात करपून जायला हवं होतं... हिरवंगार होतं. आमच्या रानात मुंगी सांडलेला गूळ घटकाभर ठेवत नाही. पानावर मुंगी नव्हती. सगळीकडं माश्या होत्या, पानावर एकही नव्हती.

आणि पान भरलेलं होतं.

तिनं ठेवलेला भात नव्हता त्यावर. चोथे होते. बटाट्याचा. भाकरीचा. केळ्याचा. तिनं गेल्या चार दिवसांत जे जे थुंकलं होतं ते सगळं. मोरीत गेलेलं, परसात राखेखाली झाकलेलं. डाव्या बाजूला कोशिंबीर वाढतात तिथं कोशिंबिरीएवढं, मधे भाताची मूद घालतात तशी मूद. नीट वाढलेलं. पाहुण्याला वाढावं तसं.

आणि त्यातून वाफ येत होती.

मावशी पानापुढं बसली. सवयीनं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं. हे आपलं आपण करून ठेवलेलं, यात त्याचं नाव नको, असं तिला वाटलं. जन्मात पहिल्यांदा ती नाव न घेता जेवली.

आणि तिनं खाल्लं.

कविता पिंपांच्या अलीकडून बघत होती. ती सांगते, मावशी एकेक घास घ्यायची, डोळे मिटायची, गिळायची. गिळताना मानेच्या शिरा दोरीसारख्या यायच्या. एकदा सगळं उलटून तोंडात आलं. मावशीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाकातून पाणी आलं, आणि तिनं ते पुन्हा गिळलं. मूद फोडली तेव्हा आतून लांब पांढरा केस निघाला. तो घशात अडकला. अर्धा आत, अर्धा ओठाबाहेर. तिनं तो ओढला नाही. पाण्याशिवाय तसाच गिळला.

मग पान उचललं आणि चाटून पुसून खाली ठेवलं.

धोंड्याच्या पुढं, मावशीच्या समोर, वाळलेलं गवत होतं. कविता शपथेवर सांगते... ते गवत दबलेलं होतं. मांडी घालून कुणी बसावं तसं. मावशीचं पान पुसून झालं तेव्हा तिथून ढेकर आली.

लांबलचक. तृप्त.

आणि गवत हळूहळू वर आलं.

कवितानं त्याच दिवशी काम सोडलं. मौजपेठ अजून चालू आहे. फलकावर आता अकरा गोष्टी आहेत, सातवा आकडा पांढऱ्या रंगानं पुसलाय. लक्ष्मणशेठनं मावशीला परत बोलवायला दोनदा माणूस धाडला. ती गेली नाही.

शुक्रवारी उष्टावण झालं. मी आदल्या रात्रीच पोचलो होतो. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रक्षा नवं परकर-पोलकं घालून पाटावर बसली होती. मावशीनं चांदीच्या चमच्यात खिरीचा थेंब घेतला. तोंडाशी नेऊन ती थांबली, तेव्हा तारानंच तिचं मनगट धरून पुढं केलं.

घास तोंडात गेला. रक्षानं जीभ फिरवली. तोंड वाकडं केलं. मग मिटक्या मारल्या आणि चमचा दोन्ही हातांनी पकडला. सगळे हसले. मावशीनं तिच्या तोंडात बोट घातलं, सगळीकडून फिरवून पाहिलं, बोटाचा वास घेतला.

दूध. वेलदोडा. गूळ.

ती तिथंच भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यानं रडली. आम्हाला वाटलं, आनंदानं.

मग पंगत बसली. मावशीनं आपलं पान अगदी कडेला, भिंतीलगत मांडलं. मला बाजूला बसवलं. तिच्या डावीकडं नुसती भिंत. पाच दिवसांनी पहिल्यांदा ती जेवायला बसतेय, असं तारा म्हणाली. मी बघत होतो. चांगली जेवत होती. घास तोंडात जात होता, चावला जात होता, पोटात जात होता. चेहऱ्यावर काही नव्हतं.

फक्त सुरुवातीला तिनं एक केलं. बोटानं भाताच्या मधून एक आडवी रेघ ओढली. अर्धा भात उजवीकडं, अर्धा डावीकडं. मग पान जरा फिरवलं. डावा भाग भिंतीकडं गेला.

ती उजव्या बाजूचं जेवत होती.

मी वाढप्याला भात मागितला, त्यानं वाढला, मी पुन्हा मावशीच्या पानाकडं पाहिलं.

डाव्या बाजूचा भात कमी झाला होता.

मी हात थांबवला. मुद्दाम बघत राहिलो. मावशीचा हात उजव्या बाजूला होता. डाव्या बाजूचं एक शीत हललं... मग दुसरं. मुदीच्या कडेला एक खळगा पडला. बोटांचा असतो तसा. आणि तंबाखूचा मंद वास आला. आमच्या घरात तंबाखू कुणी खात नाही.

मावशीनं पुढ्यातला पापड मोडला. अर्धा आपल्याकडं ठेवला. अर्धा रेघेपलीकडं.

मी खाली वाकून, अगदी हळू विचारलं, “मावशी... कोण हाय गो?”

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. रक्षाकडं पाहिलं. रक्षा ताराच्या मांडीवर पोटभर जेवून झोपली होती.

“जेवताना बोलू न्हाई,” मावशी म्हणाली.